लॉकिंग ट्यूनरवाली नवी गिटार : एक सीझन आणि एक पावसाळा वापरल्यावर

‘गंज वॉरंटीत येत नाही’ असं सांगून दुकानाने हात वर केले, म्हणून हे लिहायला बसलोय. गेल्या दिवाळीत घेतलेली ही स्ट्रॅट पद्धतीची (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धाटणीची) गिटार तशी झकास आहे. पिकअप, नेक, फ्रेट यांबद्दल तक्रार नाही, आणि त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. मी फक्त ट्यूनरबद्दल, म्हणजे तारा ताणून सूर लावायला फिरवतो त्या कळांबद्दल बोलणार, आणि जरा जास्तच बोलणार.

राहायला गोव्यात, मांद्र्याला. टुरिस्ट सीझनमध्ये किनाऱ्यावरच्या शॅकवर वाजवतो, एरवी लग्नाच्या रिसेप्शनला. तिथे हे लॉकिंग ट्यूनर पहिल्या दिवसापासून आवडले. तार ओवायची, मागचं चाक बोटांनी आवळायचं, उरलेली कापायची. खुंटीवर एक वेढासुद्धा पुरा होत नाही. तार तुटली तर गायिका प्रेक्षकांशी दोन वाक्यं बोलेपर्यंत नवी चढलेली असायची. मे महिन्यात लिहिलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

मग जून लागला. आमच्याकडे पावसात कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी येते. गणेशचवथीआधी तारा बदलायला घेतल्या तर ‘बी’ (B) तारेचं चाक हलेना. पकडीला फडकं गुंडाळून जोर लावला, तर वरचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटून हातात आला आणि तार पकडून ठेवणारी आतली पिन होती तिथेच. शेवटी तार कापून काढली. तिचा तुकडा अजून आत आहे.

दुकानातल्या मुलाने मोबाईलच्या उजेडात पाहिलं आणि विचारलं, “समुद्राजवळ राहता का?” गोव्यात गिटारी विकायच्या आणि गिऱ्हाईक समुद्राजवळ राहतं याचं नवल करायचं! बरं, एकटा ट्यूनर मिळत नाही म्हणे, सहाचा सेट घ्या. सेटची किंमत ऐकली आणि गिटार बॅगेत घालून घरी आलो.

घरी दुसरी गिटार आहे, 80 च्या दशकातली जपानी. बोटीवर बँडमध्ये वाजवणाऱ्या एका तारवट्याने (खलाशाने) आणलेली, ती त्याच्या घरच्यांकडून घेतली. तिला क्लूसन पद्धतीचे, म्हणजे क्लूसन कंपनीच्या जुन्या धाटणीचे ट्यूनर आहेत. फेंडरच्या स्ट्रॅटला 1954 पासून असेच असायचे, 1967 च्या सुमारास फेंडरने स्वतःचे लावायला सुरुवात केली. खुंटीला वरून चीर असते आणि मधोमध खाली जाणारं भोक. तार आधीच कापायची, पुढच्या दीड-दोन खुंट्यांपर्यंत पोचेल एवढी जादा ठेवून. टोक भोकात खाली सोडायचं, चिरेत काटकोनात दाबायचं, मग गुंडाळायचं. तारेचं टोक खुंटीच्या पोटात राहतं. बोटात घुसत नाही, बॅगेचं अस्तर फाडत नाही. आखूड कापली तर मात्र तार वाया, हे कबूल. आणि मागच्या पत्र्याच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, तेलासाठी! सुईच्या टोकावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब घ्या, त्या भोकाला टेकवा, चार वेळा फिरवा. एवढीच सर्व्हिस. इतके पावसाळे काढूनही सहाच्या सहा फिरतात.

म्हणून लगेच ‘व्हिंटेज’च्या नावाखाली मागतील ती किंमत देऊ नका. माझ्या जपानी गिटारचे फ्रेट झिजलेत, दर पावसाळ्यात नेक वाकते आणि तिच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवावा लागतो. जुनी घ्यायचीच तर हेडस्टॉक (ट्यूनर बसवतात ते डोकं) पाठीमागून बघा. जुन्या पद्धतीच्या ट्यूनरला भोक साधारण 8.5 मिमीचं लागतं, नव्याला 10 मिमीचं. कोणीतरी ड्रिल मारून मोठं केलं असेल, जुन्या स्क्रूंचे व्रण दिसत असतील, तर किंमत पाडून मागा.

आता ‘लॉकिंग म्हणजे सूर हलणार नाही’ या विक्रेत्यांच्या पालुपदाबद्दल. तार कितीही ओढली तरी धड ट्यूनरचा वर्म गिअर उलटा फिरत नाही, मग तो जुना असो की नवा. सूर उतरतो तो बहुतेक वेळा सैल वेढ्यांमुळे, नाहीतर नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत तार अडकल्यामुळे. लॉकिंगने वेढ्यांचा प्रश्न सुटतो, नटचा नाही. माझ्या नव्या गिटारची ‘जी’ (G) तार सुरात लावताना ‘टिक’ करून उडी मारायची. खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं, उडी थांबली. खर्च शून्य. नव्या ट्यूनरचा एक गुण मात्र मान्य: गिअर 18:1 चा आहे, म्हणजे कळ 18 वेळा फिरवली की खुंटी एकदा फिरते; जुन्याचा 15:1. त्यामुळे सूर बारीक लावता येतो.

शेवटी नव्या गिटारला चिरेच्या खुंटीचे साधे ट्यूनर बसवले. 10 मिमीच्या भोकात बसणारी बुशिंग (खुंटीभोवतीच्या कड्या) मिळतात. मागे छोट्या स्क्रूंसाठी भोकं पाडावी लागली, तेवढी पाडली. सगळं मिळून लॉकिंग सेटच्या निम्म्यातही भागलं. काढलेल्यांपैकी पाच लॉकिंग ट्यूनर चालू आहेत. कोणाला हवे असतील तर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात असतो. सुटे देईन, एकसुद्धा.