शिकागोच्या ब्लूज-जॅझ क्लबांत काही महिने : आगामी कार्यक्रमांची यादी कशी वाचावी

शिकागोतल्या ब्लूज आणि जॅझ क्लबांच्या आगामी कार्यक्रमांच्या याद्या मी गेले काही महिने नियमाने चाळत आलो आहे आणि त्यांतून निवडून जमतील तेवढे कार्यक्रम प्रत्यक्ष जाऊन ऐकले आहेत. त्या अनुभवावर आधारलेला हा अभिप्राय आहे. या शहराच्या उपनगरांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी मंडळी पुष्कळ आहेत आणि उन्हाळ्यात मुलांकडे राहायला येणारे आईवडीलही असतात. पाहुण्यांना नदीतली नौकाफेरी, विलिस टॉवर आणि डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरची खरेदी एवढे दाखवून झाले की शहर संपले असे मानण्याची पद्धत आहे. संगीत ऐकायला कोणी गेलेच, तर शनिवारी रात्री, ऐन गर्दीत, एखाद्या गाजलेल्या नावाच्या ओढीने जातात आणि कान बधिर करून परत येतात. माझे मत नेमके याच्या उलट झाले आहे. यादी वाचताना कलाकाराचे नाव सर्वांत शेवटी पाहावे. आधी वार पाहावा, मग वादकांचा तोच संच त्या जागी सलग किती रात्री वाजवणार आहे ते पाहावे आणि त्यानंतर सेट, म्हणजे मध्यंतराआधीचा किंवा नंतरचा वादनाचा भाग, किती वाजता सुरू होतो ते पाहावे.

हे मत बनण्याचे मुख्य कारण ‘जॅझ शोकेस’ ही जागा आहे. जो सीगल यांनी १९४७ साली, रूझवेल्ट महाविद्यालयात शिकत असताना, जॅझच्या बैठका भरवायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक पत्ते बदलत हा क्लब २००८ पासून डिअरबॉर्न स्टेशनच्या जुन्या लाल विटांच्या इमारतीत स्थिरावला. सीगल २०२० मध्ये गेले. आता त्यांचे चिरंजीव क्लब चालवतात. येथे साधारणपणे एकच संच गुरुवारपासून रविवारपर्यंत वाजवतो आणि पुष्कळदा बाहेरगावाहून आलेल्या एका नामवंत वादकाच्या साथीला शिकागोतलेच पियानो, बास आणि ड्रमवादक असतात. यादीत हे एका ओळीत उरकलेले असते, त्यामुळे त्यातली खरी गंमत लक्षात येत नाही. गुरुवारी ही मंडळी एकमेकांना चाचपत असतात: सर्वांना ठाऊक असलेल्या चिजा निवडल्या जातात, सोलो, म्हणजे एकेकट्याची वादने, आखडते घेतले जातात, शेवट कसा करायचा हे नजरेने विचारले जाते. रविवारपर्यंत तीच चीज दुप्पट लांबते आणि तरी कोणाला घड्याळ पाहावेसे वाटत नाही.

म्हणून या क्लबची माझी सर्वांत आवडती वेळ रविवारी दुपारी चारची आहे. या कार्यक्रमाला सर्व वयोगटांना प्रवेश असतो आणि बारा वर्षांखालील मुलांना तिकीट पडत नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांसाठी शहरात याहून चांगली सोय मला आढळलेली नाही. मंचामागे थोर जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांचे मोठे छायाचित्र आहे, खुर्च्या मंचाला जवळजवळ खेटून आहेत आणि वादन चालू असताना बोलू नये ही अपेक्षा पाळली जाते. अशाच एका दुपारी पहिल्या रांगेत बसून मी सॅक्सोफोन आणि ड्रम यांची चार-चार मात्रागटांची देवघेव ऐकली. आपल्याकडच्या श्रोत्याला हा सवाल-जवाब समजावून सांगावा लागत नाही. पण जवळ बसल्यामुळे दिसले ते असे की ड्रमवादकाची पाळी असताना सॅक्सोफोनवादकाचा अंगठा वाद्याच्या पाठीवर चारांची मोजणी करत होता, आणि ड्रमवादकाने मुद्दाम समेला चकवा देऊन घाव अर्धी मात्रा पुढे ढकलला तेव्हा तो अंगठा क्षणभर थबकला. दोघेही हसले. हे पाचव्या रांगेतून दिसले नसते.

उत्तरेकडे अपटाउनमधला ‘ग्रीन मिल’ हा क्लब शंभराहून अधिक वर्षे जुना आहे आणि त्याची ख्याती दोन कारणांनी आहे. पहिले म्हणजे कुख्यात गुंड अल कपोनच्या टोळीचा येथे राबता होता आणि तो ज्या कोपऱ्यातल्या आसनावर बसे असे म्हणतात ते आजही दाखवले जाते. त्या आसनाचे छायाचित्र काढून, एक पेय संपवून, पहिला सेट सुरू होण्याआधी निघून जाणारे पर्यटक पाहिले की वाईट वाटते. दुसरे आणि खरे कारण म्हणजे ठरलेल्या वारी ठरलेल्या कलाकाराने वर्षानुवर्षे वाजवण्याची येथली परंपरा. पियानोवादक-गायिका पॅट्रिशिया बार्बर यांनी सोमवारची बैठक दीर्घकाळ चालवली. गायक कर्ट एलिंग जगभर पोचण्यापूर्वी १९९०च्या दशकात येथेच दर आठवड्याला गात असत. एकाच जागी, त्याच श्रोत्यांसमोर आठवड्यामागून आठवडे उभे राहिल्याने कलाकार काय धाडस करू शकतो, हे आपल्याकडे जुन्या गणेशोत्सवी मैफली किंवा गुरुपौर्णिमेच्या बैठका नेमाने ऐकणाऱ्यांना सहज कळेल. नियमित वाराचे कार्यक्रम यादीत सर्वांत कंटाळवाणे दिसतात, कारण दर आठवड्याला तीच ओळ छापलेली असते. माझ्या अनुभवात मात्र तीच ओळ सर्वांत भरवशाची ठरली.

ब्लूजची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९१०च्या दशकापासून पुढची साठेक वर्षे अमेरिकेच्या दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबे वांशिक अत्याचार आणि शेतीतले दारिद्र्य यांतून सुटण्यासाठी उत्तरेच्या शहरांकडे आली. मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागो गाठणे सोपे होते. ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये आले. साउथ साइड या शहराच्या दक्षिण भागातल्या गजबजलेल्या गुत्त्यांत लाकडी गिटार ऐकूच येईना, तेव्हा तिच्या जागी विजेवरची गिटार आली, माउथ ऑर्गन मायक्रोफोनला चिकटवून अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजू लागला आणि शिकागो ब्लूज या नावाने जग ज्याला ओळखते तो आवाज घडला. चेस या ध्वनिमुद्रण कंपनीने तो आवाज १९५० पासून देशभर पोचवला. कंपनीची दक्षिण मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरील २१२० क्रमांकाची इमारत अजून उभी आहे. क्लबात जाण्याआधी दुपारी ती पाहावी.

या संगीताला आवाजाचीच सवय असल्यामुळे ब्लूज क्लबात जॅझ शोकेससारखी शांतता अपेक्षू नये. श्रोते मध्येच दाद देतात, ओळ पुरी करतात, नाचतात. ज्यांना हे संगीत ‘सगळे सारखेच’ वाटते त्यांनी एकदा बारा मात्रागटांचे आवर्तन मोजून पाहावे. पहिली ओळ गायली जाते, तीच दुसऱ्यांदा येते पण तिच्याखालचे स्वर बदललेले असतात, आणि तिसरी ओळ त्या दोघींना उत्तर देऊन शेवटच्या दोन गटांत पुन्हा आरंभाकडे वळते. ते वळण कानांना सापडले की गिटारवादक ठरलेल्या चौकटीत किती मोकळेपणाने फिरतो हे ऐकण्यात तास कसा जातो ते समजत नाही.

‘बडी गायज लेजंड्स’ हा क्लब १९८९ साली सुरू झाला आणि २०१० मध्ये त्याच वॉबॅश रस्त्यावरच्या शेजारच्या जागेत गेला. १९३६ साली लुइझिआनात जन्मलेले आणि १९५७ मध्ये या शहरात आलेले ब्लूज गिटारवादक बडी गाय गेली अनेक वर्षे जानेवारीत स्वतःच्या क्लबात कार्यक्रमांची मालिका करत आले आहेत. त्या तिकिटांवर उड्या पडतात. परंतु मला अधिक समाधान आठवड्याच्या मधल्या वारी मिळाले. तेव्हा मंचावर स्थानिक संच असतो, प्रवेशशुल्क निम्म्याहूनही कमी असते आणि वादकांना कोणाला पाहुणा म्हणून वर बोलावावेसे वाटले तर वेळेची सक्ती नसते. खाद्यपदार्थ लुइझिआना पद्धतीचे, म्हणजे शाकाहारी माणसाची पंचाईत करणारे आहेत. घरून जेवून जावे हे उत्तम.

पश्चिमेकडचा ‘रोझाज लाउंज’ मला यापेक्षाही जवळचा वाटला. इटलीतून ब्लूजच्या वेडापायी आलेल्या टोनी मांजुलो या ड्रमवादकाने १९८४ मध्ये आईच्या मदतीने तो सुरू केला आणि तिचेच नाव त्याला दिले. जागा छोटी, वस्ती साधी, श्रोते बहुतेक ओळखीचे. ‘किंग्स्टन माइन्स’मध्ये दोन मंचांवर दोन संच आळीपाळीने पहाटेपर्यंत वाजवतात, तरुणांना ते आवडेल, मला झेपत नाही.

आता तक्रारी. या कोणत्या क्लबच्या आहेत ते सांगण्यात मला स्वारस्य नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आढळेल. एका ठिकाणी यादीत जाहीर झालेला मुख्य वादक आलाच नाही आणि संकेतस्थळावर त्याचे नाव कार्यक्रम संपेपर्यंत तसेच होते. दाराशी विचारल्यावर ‘संच तोच आहे’ असे उत्तर मिळाले. तेव्हापासून निघण्यापूर्वी क्लबला दूरध्वनी करण्याचा आणि त्याहूनही उपयोगी म्हणजे कलाकाराच्या स्वतःच्या पानावर ती तारीख आहे का ते पाहण्याचा शिरस्ता मी ठेवला आहे. तिकिटाची छापील किंमत आणि शेवटी कार्डावर पडणारी रक्कम यांत सेवाशुल्कामुळे बराच फरक पडतो. काही जागी प्रत्येकी किमान दोन पेये घेण्याची अट असते; ती सोडावॉटरनेही पूर्ण होते, पण हे विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही. एका शनिवारी शेजारच्या टेबलावर वाढदिवसाची पार्टी होती आणि बासचा संपूर्ण सोलो मी त्यांच्या केकच्या चर्चेसह ऐकला. बैठक व्यवस्था बहुतेक ठिकाणी प्रथम येणाऱ्यास प्रथम अशी असल्यामुळे महाग तिकीट घेऊनही खांबाआड बसण्याची वेळ येऊ शकते.

ओळखपत्राबद्दल विशेष सांगतो. रात्रीच्या कार्यक्रमांना बहुतेक ठिकाणी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असल्याचा पुरावा लागतो आणि तो पांढऱ्या केसांच्या माणसाकडेही मागितला जातो. भारतातून आलेल्या आईवडिलांना नेत असाल तर त्यांचे पारपत्र जवळ असू द्या. आधार कार्ड दाखवून दारावरच्या माणसाची समजूत पटत नाही. कानांत घालायचे बोळे ब्लूजसाठी अवश्य न्यावेत. बक्षिसीसाठी सुटे डॉलर ठेवावेत, कारण काही ठिकाणी सेटच्या मध्ये वादकांसाठी डबा फिरतो आणि तो पैसा खरोखर त्यांच्याच हाती पडतो. उपनगरात राहणाऱ्यांनी मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहावी. ती मध्यरात्रीच्या सुमारास सुटत असल्याने दहाचा सेट पुरा ऐकणे अवघड होते, तरी माझा आग्रह आहे की रात्रीच्या दोन सेटपैकी एकच ऐकायचा असेल तर दुसराच ऐकावा. पहिल्या सेटला आलेले जेवणासाठी आलेले असतात, दुसऱ्याला थांबलेले संगीतासाठी थांबलेले असतात, आणि वादकांना हा फरक मंचावरून कळतो.

दुसऱ्या सेटचा एक दाखला देतो. आठवड्याच्या मधल्या वारी एका छोट्या क्लबात हॅमंड ऑर्गन, गिटार आणि ड्रम असे त्रिकूट होते. बासवादक नव्हता, ऑर्गनवादक डाव्या हाताने आणि पायाखालच्या पट्ट्यांवर बास वाजवत होता आणि त्यासाठी त्याने जोडे काढून स्टुलाखाली नीट ठेवले होते. शेजारच्या लाकडी पेटीतला फिरता भोंगा एका कळीसरशी संथ गतीवरून वेगात जाई आणि लांबवलेला स्वर थरथरू लागे. पहिल्या सेटमध्ये त्याने ती कळ सारखी वापरली. दुसऱ्या सेटमध्ये पंधरा-वीस श्रोते उरले असताना त्याने एका संथ ब्लूजची कितीतरी आवर्तने ती कळ न दाबता वाजवली, आणि दाबली तेव्हा गिटारवादकानेच मोठ्याने दाद दिली.

या शहराचा आणि आपल्या मुंबईचा या बाबतीत जुना संबंध आहे, तो येथल्या मराठी माणसाला ठाऊक असावा. शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर वाजवणारे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड १९२६ मध्ये आशियाकडे निघाले, पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले आणि १९४५ मध्ये कोलकात्यात वारले. ताजच्या त्या काळातून गोव्याच्या वादकांची एक पिढी जॅझ शिकून हिंदी चित्रपटसंगीतात आली, सी. रामचंद्र यांच्यासाठी ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट हे त्यांतलेच. उलट दिशेने, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवाच्या पहिल्याच वर्षी बडी गाय वाजवून गेले. मुंबईत ज्यांनी ते ऐकले त्यांना त्यांच्या क्लबातली जवळीक अधिक भावेल, असे मला वाटते.

येत्या काळासाठी मी स्वतः काय राखून ठेवले आहे ते सांगतो. जूनमध्ये मिलेनियम पार्कात होणारा शिकागो ब्लूज महोत्सव १९८४ पासून चालू आहे आणि विनामूल्य आहे. त्या आठवड्यात बाहेरून आलेले वादक रात्री क्लबांमध्ये डोकावतात, म्हणून दिवसा महोत्सव आणि रात्री रोझाज असा बेत आहे. ऑगस्टमध्ये जॅझ शोकेस चार्ली पार्कर यांच्या जन्ममासानिमित्त त्यांचे स्मरण करण्याची परंपरा पाळते. तिथल्या एका संचाचा गुरुवार आणि रविवार दोन्ही ऐकण्याचा विचार आहे. लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, सुमारास भरणारा, १९७९ पासूनचा जॅझ महोत्सवही फुकट असला तरी ऊन आणि गर्दी पाहता एक संध्याकाळ पुरे. जानेवारीची लेजंड्सची तिकिटे विक्रीला निघाल्यावर लगेच संपतात, तेव्हा ज्यांना ती हवी आहेत त्यांनी शरद ऋतूपासूनच क्लबच्या घोषणेवर लक्ष ठेवावे आणि महिन्यातल्या शुक्रवार-शनिवारच्या मागे न लागता मिळेल तो गुरुवार किंवा रविवार पकडावा.