हेडलाइटचं रिले किट, नऊ महिन्यांनंतर: अर्थ वायर चार बोटं कमी

किटमध्ये काय काय येतं ते सांगत बसत नाही. एच४ बल्बसाठी (अप्पर-डिपरच्या दोन फिलामेंट एकाच बल्बमध्ये) दोन रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट बल्बला जोडणारे), बॅटरीजवळचा फ्यूज, दोन सिरॅमिक होल्डर, तयार वायरिंग, नेहमीचंच. गेल्या आठवड्यात रात्री दोन्ही हेडलाइट एकदम गेले, अप्परही नाही आणि डिपरही नाही. हॅझर्ड लावून कडेकडेने रांगत घर गाठलं. त्या रात्री एक तारा द्यायचा ठरवला होता. आज तीन देतोय, का ते पुढे येईलच.

घेतलं कशासाठी, तर कंपनीचा प्लॅस्टिकचा होल्डर तपकिरी होऊन वितळला होता आणि उजेडही मरतुकडा झाला होता. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि बल्बपाशी जेमतेम ११.८. हॅलोजनचं गणित वाईट असतं, व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड साधारण ३० टक्के पडतो. किट बसवल्यावर बल्बपाशी १३.५ आले. बल्ब तेच, ६०/५५ वॅटचे जुने, तरी पहिल्या रात्री वाटलं काच बदलली की काय! आठ महिने एक शब्द बोलायला जागा नव्हती.

मग खड्ड्यात गाडी आदळली की लाइट लुकलुकायला लागले. दुर्लक्ष केलं, आणि मग ती रात्र.

विक्रेत्याला फोन केला. "बल्ब उडाले असतील, साहेब." दोन्ही बल्ब, दोन्ही फिलामेंट, एकाच क्षणी? तरी मुकाट्याने नवी जोडी आणली. काचेला बोट लागू न देता बसवली (बोटाचं तेल लागलं की काच तिथे जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो). फरक शून्य. ती जोडी आता ग्लोव्हबॉक्समध्ये पडून आहे आणि दर वेळी ते झाकण उघडलं की माझं डोकं तापतं. पुन्हा फोन. "मग रिले गेला असेल." अहो, स्विच दाबला की रिले टक् वाजतोय! अप्परचा रिले डिपरला लावून पाहिला, तोही टक्. फ्यूज शाबूत. मल्टिमीटर लावला तर रिकाम्या होल्डरमध्ये पूर्ण १२.५ व्होल्ट. इथे मी दोन दिवस घालवले.

चूक माझी होती. बल्ब काढून मोजलं की मीटर थापच मारतो, कारण करंटच वाहत नसतो. बल्ब परत बसवला, डिपर चालू केला, मीटरची एक पिन होल्डरच्या अर्थच्या (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या वायरच्या) टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. तिथे जवळपास शून्य यायला हवं. आले ८ व्होल्ट! बल्बला उरले चार, म्हणून आतली तार नुसती निखाऱ्यासारखी लाल दिसत होती. जादा वायरचा तुकडा अर्थच्या रिंगेपासून (वायरच्या टोकाची, बोल्टखाली बसते ती) थेट निगेटिव्हला टेकवला आणि दोन्ही दिवे भप्पकन लागले.

या किटमध्ये दोन्ही होल्डरची अर्थ एकाच रिंगेवर येते, म्हणून दोन्ही बाजू एकदम मेल्या. रिलेच्या कॉइलला (टक् करवणाऱ्या भागाला) अर्थ गाडीच्या जुन्या प्लगमधून मिळते, म्हणून तो इमानदारीत टक् करत राहिला. आणि ती रिंग मी कुठे बसवली होती? रंग दिलेल्या पत्र्यावर, आणि रंगातून करंट धड जात नाही. तिथे का? कारण बॅटरीजवळच्या, रंग नसलेल्या उघड्या बोल्टपर्यंत ती वायर पोचतच नाही. चार बोटं कमी पडते. मोजलीत मी, चार बोटं. प्लसची वायर मात्र इतकी लांब की दोनदा गुंडाळून बांधावी लागली. तिकडची तांब्याची वीतभर वायर इकडे दिली असती तर काय बिघडलं असतं?

रंग आधी खरवडायला हवा होता हे कबूल, म्हणून दोन तारे परत दिले. बाकी माल चांगला आहे, होल्डर अजून पांढरेशुभ्र आहेत. आता तेवढ्याच जाडीची वायर जोडून रिंग थेट निगेटिव्हवर घेतली आहे. दिवे चालू असताना मीटर ०.१ दाखवतो.

विक्रेत्याला हे सगळं फोटोसकट कळवलं. उत्तर आलं, "ओके साहेब, बल्ब बदलून पाहिले का?"