जिन्यातला इमर्जन्सी दिवा: मजल्यावर बॅटरी, खाली मोठा इन्व्हर्टर, की अंधारात चमकणारे बोर्ड?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय बहुधा जानेवारी किंवा जुलैच्या आसपास निघतो, कारण फॉर्म ‘बी’ द्यायची वेळ आलेली असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजेच हा फॉर्म ‘बी’, वर्षातून दोनदा लागतं. त्या निमित्ताने कोटेशन येतं, पंप आणि होज रीलवर भरपूर चर्चा होते आणि ‘इमर्जन्सी लाइट व एक्झिट बोर्ड’ ही ओळ फक्त किंमत बघून मंजूर होते. माझं म्हणणं आहे की या ओळीवर थांबायला हवं, कारण यातला प्रत्येक पर्याय वेगळ्या प्रसंगी दगा देतो.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 ला खालच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धूर वर बाल्कनीत शिरला. वीज गेली, आणि बाल्कनीतली एक वाट जादा खुर्च्या टाकून बंद केलेली होती. 59 माणसं गेली, त्यातली बहुतेक गुदमरून. धूर, अंधार आणि न सापडणारं दार हे तिन्ही एकदम येतात, आणि बोर्ड व दिवे निवडताना नेमका हाच प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

पहिला पर्याय: प्रत्येक लँडिंगवर आपापली बॅटरी असलेला दिवा. याचा मोठा गुण म्हणजे बिघाड एकाच जागी राहतो. चौथ्या मजल्यावरची बॅटरी मेली तरी तिसऱ्या आणि पाचव्यावर उजेड असतो. मीटर रूम जळाली, केबल वितळली तरी दिव्याची वीज त्याच्याच पोटात असते. आपल्याकडे कितीतरी आगी मीटर रूममध्ये किंवा इलेक्ट्रिक डक्टमध्ये सुरू होतात, म्हणून मला हा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो.

पण हे दिवे फसवे असतात. स्वस्त दिव्यावरचा चार्जिंगचा लाल ठिपका वीज येतेय एवढंच सांगतो, बॅटरीत जीव आहे की नाही हे सांगत नाही. झाकण उघडलं की फुगलेली बॅटरी निघते आणि लाल ठिपका मात्र वर्षानुवर्षं लुकलुकत असतो. लेड-अ‍ॅसिडची सीलबंद बॅटरी उन्हाळ्यात लवकर संपते. साधारण 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं असं धरतात. गच्चीखालच्या शेवटच्या लँडिंगवर पत्रा तापतो, तिथे तर आणखी लवकर. थोडे पैसे जास्त गेले तरी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असलेला दिवा घ्या, आणि बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवरच लिहा.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी वायरमनला उभं राहून विचारा. एक, दिव्याची लाइन स्विचमधून घेतलीय का? घेतली असेल तर सकाळी वॉचमन जिन्याचे दिवे बंद करतो, त्याबरोबर चार्जिंगही बंद होतं, इमर्जन्सी दिवा दिवसाउजेडी बॅटरी संपेपर्यंत जळतो आणि रात्री बॅटरी रिकामी असते. दोन, ती लाइन जिन्याच्या दिव्यांच्याच एमसीबीवरून (बिघाड झाला की आपोआप पडणारा सर्किट ब्रेकर), पण स्विचच्या आधी घेतलीय का? वेगळ्या एमसीबीवर दिली आणि फक्त जिन्याचा एमसीबी पडला, तर इमर्जन्सी दिव्याला वीज मिळतच राहते, तो पेटत नाही आणि जिना काळोखात राहतो. अशी चूक टेस्टच्या बटणाने कळत नाही. एमसीबी पाडून बघावा लागतो.

बाजारात मिळणारे इन्व्हर्टर बल्ब लँडिंगवर लावून काम भागवायचा मोह होतो. घरात ते ठीक आहेत. जिन्यात नकोत: त्यांना टेस्टची सोय नसते, ते सहज काढून नेता येतात, आणि त्या लाइनवर दुसरं काही जोडलेलं नसेल तर एमसीबी पडल्यावर ते लागतीलच याची खात्री देता येत नाही.

दुसरा पर्याय: खाली एक मोठा इन्व्हर्टर किंवा बॅटरी बँक आणि तिथून सगळ्या जिन्यांना लाइन. देखभाल एका खोलीत होते आणि चांगल्या पॅनलवर बॅटरीची तब्येत रोज दिसते. पंचवीस-तीस मजल्यांच्या टॉवरमध्ये, जिथे पगारी इलेक्ट्रिशियन रोज येतो, तिथे हाच योग्य. मात्र बॅटरीची खोली मीटर रूमपासून वेगळी हवी आणि केबल आगीत टिकणारी, स्वतंत्र मार्गाने वर नेलेली हवी. कोटेशनमध्ये साधी केबल असेल तर ते कोटेशन परत करा. त्या पैशात तुम्ही सगळ्या मजल्यांचा अंधार एकाच वायरीला बांधत असता.

“आमच्याकडे जनरेटर आहे” हे उत्तर मी मान्य करत नाही. तो सुरू व्हायला वेळ लागतो, आणि बाहेरची वीज चालू असताना फक्त जिन्याची लाइन गेली तर तो सुरूच होणार नाही.

तिसरा पर्याय: अंधारात चमकणारे बोर्ड आणि पट्ट्या. बॅटरी नाही, वायर नाही, बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. न्यूयॉर्कने 2004 च्या कायद्याने उंच ऑफिस इमारतींच्या जिन्यांत अशा खुणा सक्तीच्या केल्या. धूर छताकडून खाली भरत येतो, दारावरचा बोर्ड आधी दिसेनासा होतो. पायरीच्या कडेची आणि कठड्यालगतची पट्टी शेवटपर्यंत दिसते. त्यामुळे ती मला हवीच वाटते, पण जोडीला. एकटी नाही.

कारण ती आधी उजेड पिते आणि मग चमकते. वीज वाचवायला जिन्यात सेन्सरचे दिवे लावले असतील तर पट्टी बहुतेक वेळ अंधारातच असते आणि गरजेच्या वेळी निस्तेज निघते. अशा जिन्यात निदान एक बारीक एलईडी कायम चालू ठेवा. खरेदी करताना दुकानदार ‘रेडियम’ म्हणून गाडीच्या मागे लावतात ती पट्टी देईल. ती हेडलाइट पडल्यावरच चमकते, जिन्यात तिचा उपयोग नाही. नमुना आणा, ट्यूबलाइटखाली ठेवा, मग अंधाऱ्या खोलीत न्या आणि दहा मिनिटांनी बाण ओळखता येतो का बघा.

बोर्डाबद्दल थोडक्यात. हिरव्यावर पांढरा धावणारा माणूस आणि बाण असलेला घ्या. इंग्रजी न वाचणाऱ्या पाहुण्याला आणि घरकामाच्या मावशींनाही तो कळतो. आतून उजळणारा बोर्ड त्याच्या उंचीच्या साधारण 200 पट अंतरावरून वाचता येतो, बाहेरच्या उजेडावरचा 100 पट. म्हणजे 15 सेंटीमीटरचा बोर्ड 30 मीटर किंवा 15 मीटर. लांब पॅसेज असेल तर टेप लावून मोजा. बाण लिफ्टकडे नाही ना, आणि तो दाखवतो ते दार कुलूपबंद नाही ना, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

सात-आठ मजल्यांच्या, एकच जिना आणि एकच वॉचमन असलेल्या सोसायटीने पहिला पर्याय घ्यावा आणि वर पायऱ्यांना चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. टॉवरने दुसरा घ्यावा, पण रेफ्यूज एरियात (आगीच्या वेळी लोकांनी थांबायची राखीव जागा) आणि पंप रूममध्ये स्वतःच्या बॅटरीचे काही दिवे तरीही ठेवावेत. जुन्या चाळीत लाकडी जिना आणि उघड्या वायरी असतील तर आधी वायरिंग सुधारा. बॅटरीचे दिवे त्याच कामात बसवून घेता येतील.

राष्ट्रीय इमारत संहितेत हा उजेड किमान 90 मिनिटं टिकावा अशी अपेक्षा आहे. ऑर्डरमध्ये ‘90 मिनिटं, प्रत्यक्ष चाचणी घेऊन’ असं लिहून घ्या. नंतर दर महिन्याला अर्ध्या मिनिटाची चाचणी वॉचमनने घ्यावी आणि रजिस्टरमध्ये मजल्यानुसार लिहावी. वर्षातून एकदा पूर्ण 90 मिनिटांची चाचणी एजन्सीकडून, कमिटीचा एक माणूस सोबत ठेवून. ती सगळ्या मजल्यांवर एकाच रात्री घेऊ नका. बॅटऱ्या पुन्हा भरायला 24 तासांपर्यंत लागू शकतात, तेवढ्यात वीज गेली तर इमारतीत एकही दिवा शिल्लक नसेल. सम मजले एका आठवड्यात, विषम मजले पुढच्या.