स्विटार १० मिमी: आमच्या स्वयंपाकघरापुरती रुंद

स्वित्झर्लंडमधल्या बाडेनचं आमचं स्वयंपाकघर म्हणजे दोघं आत शिरले की तिसऱ्यानं दारातच उभं राहायचं. गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली आणि तिला पुरणपोळ्या करताना १६ मिमी फिल्मवर टिपायचं माझ्या डोक्यानं घेतलं. कॅमेरा हाताशी होता, चावीचा बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्स, म्हणजे लेन्समधूनच बघता येणारा. त्यावर लेन्स मात्र २५ मिमीची. १६ मिमीची चौकट जेमतेम १०.२६ मिमी रुंद, त्यामुळे २५ मिमीतून आडवे २३ अंश दिसतात. दाराच्या चौकटीला पाठ टेकून पाहिलं तर आईचा चेहरा आणि मागच्या फळीवरची हिंगाची डबी. पोळपाट बाहेर, लाटणं बाहेर.

तेव्हा वाइड लेन्स हवी, म्हणजे मिमीचा आकडा लहान आणि दिसणं जास्त. फोटोवाल्या मित्रानं त्याची २८ मिमी देऊ केली. बिचाऱ्याला कोण सांगणार, की त्याची वाइड या इवल्या चौकटीवर माझ्या २५ पेक्षाही अरुंद पडते! इथे १० मिमी लावावी तेव्हा कुठे ५४ अंश मिळतात, म्हणजे फोटोच्या ३५ मिमी फिल्मवरच्या ३५ मिमी लेन्सएवढे. किनॉप्टिकच्या ५.७ मिमी टेजियातून ८४ अंश दिसतात खरे, पण तिच्या किमती बघून मी ती खिडकी बंद केली.

मग उरली केर्नची स्विटार १० मिमी, एफ १.६ (एफचा आकडा लहान तितकं अॅपर्चर, म्हणजे प्रकाशाचं भोक, मोठं). बोलेक्स बनवायची पायार कंपनी, ज्युरा डोंगरातल्या सेंत-क्रुआ गावात. तिच्या नामांकित लेन्स करायची आराउची केर्न. आराउ आमच्यापासून गाडीनं अर्ध्या तासावर. केर्नचा मूळ धंदा मोजणीच्या आणि नकाशे काढायच्या उपकरणांचा, १८१९ पासूनचा. बाबा पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे आमच्या घरी थिओडोलाइट, म्हणजे मोजणीची दुर्बीण, म्हटलं की 'विल्ड'. तो विल्ड-लाइट्स समूहच १९८८ मध्ये केर्न घेऊन बसला, हे इथे आल्यावर कळलं.

आता माझा गाढवपणा. पहिल्यांदा मी १० मिमी घेतलीच नाही. एका विक्रेत्याकडे स्विटार १२.५ मिमी स्वस्तात दिसली, वर आरएक्स (म्हणजे रिफ्लेक्स) असंही कोरलेलं. घरी येऊन लावली, आटे अगदी बरोबर बसले, आणि खिडकीबाहेरचं चर्च काही केल्या स्पष्ट होईना. नीट वाचलं तर एच-८ आरएक्स. म्हणजे ८ मिमीच्या रिफ्लेक्स बोलेक्सची. आटे तेच, सी-माउंट या ठरलेल्या मापाचे, इंचभर व्यासाचे आणि इंचाला ३२. पण एच-१६ रिफ्लेक्सवर लेन्सच्या बैठकीपासून फिल्म २०.७६ मिमीवर असते आणि एच-८ रिफ्लेक्सवर १५.३ च्या आसपास. विक्रेत्यानं परत घ्यायला नकार दिला. कोरलेलं न वाचणारा मीच, भांडू कुणाशी?

तेव्हा घेताना 'एच-१६ आरएक्स' ही सगळी अक्षरं एकत्र दिसायला हवीत. रिफ्लेक्स बोलेक्समध्ये लेन्स आणि फिल्म यांच्या मधोमध काचेचा लोलक असतो. तो पाव-एक प्रकाश डोळ्याकडे वळवतो, उरलेला फिल्मकडे सोडतो. एवढी जाड काच मध्ये आली की साधी लेन्स उघड्या अॅपर्चरला पिठूळ चित्र देते. आरएक्स लेन्सचा हिशेबच तो लोलक धरून केलेला असतो. ५० मिमी आणि त्याहून लांब लेन्सना फारसा फरक पडत नाही, वाइडला पडतो. शिवाय काही सी-माउंट वाइडचा मागचा भाग इतका आत घुसतो की लोलकावरच आपटावा. जोर लावून पिळू नका.

माझी १० मिमी ४२० फ्रँकला पडली. काच स्वच्छ, बुरशी नाही, पण फोकसच्या कड्यातलं जुनं ग्रीस गुळाच्या पाकासारखं घट्ट झालेलं. थंडीत कडं फिरवताना लेन्सच आट्यांतून सुटायला लागते. साफ करून घ्यायचे आणखी ९० फ्रँक.

चित्र मात्र, काय सांगू! एफ १.६ ला कडा जराशा मऊ, ४ च्या पुढे सगळं खणखणीत. खिडकी समोर आली की चित्र धुरकटतं, जुनं कोटिंग आहे, चालायचंच. रेषा फार वाकत नाहीत, फडताळाच्या फळ्या सरळ राहिल्या. सर्वांत लाडकी गोष्ट म्हणजे कड्यावरच्या छोट्या खिडक्या. अॅपर्चर बंद कराल तसे तिथे नारिंगी ठिपके उमटत जातात आणि कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते दाखवतात. एफ ८ ला फोकस एक मीटरवर ठेवला तर अर्ध्या मीटरपासून पुढे सगळं आलं. व्ह्यूफाइंडरमधून फोकस करायच्या फंदात मी पडत नाही, १० मिमीत सगळंच स्पष्ट असल्यासारखं भासतं.

तक्रारी दोन. टरेटवर, म्हणजे लेन्स बसवायच्या फिरत्या चकतीवर, शेजारी लांब टेलिफोटो ठेवली तर ती चौकटीच्या कोपऱ्यात डोकावते. माझ्या एका अख्ख्या रिळात तो काळा गोळा आहे. आणि लेन्समागच्या जिलेटिन फिल्टरवर धुळीचा कण असेल तर बारीक अॅपर्चरला तो पडद्यावर माशीएवढा दिसतो. लाइटमीटरचं ज्यानं त्यानं बघावं. मी सेकंदाला २४ फ्रेमला शटर १/६५ सेकंदाऐवजी १/८० धरतो, लोलक खातो तेवढा प्रकाश त्यात वळता होतो. हे कळण्याआधीचा रोल अंधारा आला. शंभर फुटी रोल पावणेतीन मिनिटांत संपतो, तेव्हा ती चूक खिशाला कळते.

तर पुरणपोळी. ओट्याच्या टोकाला कॅमेरा टेकवून चावी दिली, की अर्ध्या मिनिटाच्या आत काय ते उरकायचं. आई म्हणाली, "अरे, हे शिवणाच्या मशीनसारखं काय वाजतंय? पुरण बाहेर आलं ना माझं!" पण एकाच चौकटीत पोळपाट, तवा, आई आणि दारातून बघणारी माझी लेक, सगळं मावलं. स्कॅन आल्यावर आईला दाखवलं, तर तिची नजर हातांवर. लेन्सच्या जवळ असल्यामुळे ते परातीएवढे आलेत. "आई, वाइड लेन्सचं असंच असतं," मी म्हणालो. "असू दे रे," ती म्हणाली, "पण बांगड्या तरी घालायला सांगायचंस."

ती चुकीची १२.५ मिमी अजून माझ्याकडेच आहे. एच-१६ वर ती चार बोटांवरचंच दाखवते, तेही काळ्या कोपऱ्यांसकट. जायफळ किसतानाचा शॉट तिच्यावर घेतलाय.