कादंबरीचं शीर्षक कोणत्या अक्षरात? पाच मोफत देवनागरी फॉण्टची पारख

मराठी कादंबरीच्या मुखपृष्ठावर वाचकाशी आधी अक्षर बोलतं, चित्र त्यानंतर. रहस्यकथा हवी असलेला वाचक वेगळा आणि संथ, आत्मपर कादंबरी शोधणारा वेगळा. अक्षराचं वळण चुकलं की नेमका हवा तोच निघून जातो. पुढचे पाचही फॉण्ट गूगल फॉण्ट्सवर खुल्या परवान्याने मिळतात, विक्रीच्या पुस्तकावरही बिनदिक्कत वापरता येतात.

सगळ्यांत भरवशाचा ‘तिरो देवनागरी मराठी’. पाकळीचा ल आणि देठाचा श यात आपसूक येतात. बऱ्याच फॉण्टमध्ये ही अक्षरं हिंदी वळणाची उमटतात आणि अस्सल मराठी कादंबरीही अनुवादित वाटू लागते. उणीव एकच: ठळक वजन, म्हणजे जाड रेषेचा प्रकार, नाही. सॉफ्टवेअरचं बोल्डचं बटण दाबून तो जाड केला तर थ, ध, भ यांची पोटं बुजतात. त्यापेक्षा आकार वाढवावा आणि शीर्षकामागचं चित्र शांत ठेवावं. सामाजिक आणि कौटुंबिक कादंबरीसाठी पहिली पसंती हीच.

‘रोझा वन’ भारदस्त आहे, ऐतिहासिक कादंबरीला शोभतो. पण त्याच्या जाड-बारीक रेषांत फार तफावत आहे. गडद फोटोवर पांढरं शीर्षक घेतलं आणि छपाईत चार रंगांपैकी एक जरा सरकला, की बारीक रेषा भरून जातात. त्यामुळे तो फिक्या, सपाट रंगावरच घ्यावा.

‘खंड’ अरुंद आणि ताठ, वजनं पाच. थरारकथेला चांगला, लांब शीर्षक साडेपाच इंच रुंदीच्या डेमी मुखपृष्ठावर एका ओळीत बसवायलाही सोयीचा. ‘यात्रा वन’ मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला आहे. महानगराच्या कादंबरीवर तो देखणा दिसतो, गावाकडच्या कथेवर उपरा. ‘कलम’ हस्ताक्षरी, रोजनिशी किंवा पत्रांच्या रूपातली कादंबरी असेल तरच घ्यावा, नाहीतर पुस्तक बालवाचकांचं वाटतं.

फॉण्ट कुठलाही असो, अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते. दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत, रफारात अडकतात. तिथे अंतर नजरेनेच जुळवावं लागतं, सॉफ्टवेअरच्या आकड्यावर विसंबून भागत नाही. जुन्या फोटोशॉपमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात.

शेवटी मुखपृष्ठ १२० पिक्सेल रुंदीचं करून मोबाइलवर पाहा. ऑनलाइन दुकानाच्या यादीत ते साधारण एवढंच दिसतं. त्या आकारात शीर्षक वाचता आलं नाही तर आधी उपशीर्षक आणि सजावट काढा. फॉण्ट बदलायचा विचार त्यानंतर. छापखान्यात फाइल देताना अक्षरांचे आउटलाइन करा (म्हणजे ती फॉण्टवर न विसंबणाऱ्या आकृत्या होतात), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारी जादा कड, सोडा आणि मजकूर दुरुस्त करता येईल अशी मूळ प्रत वेगळी जपून ठेवा.