सेप्टिक टँक बंद करून भुयारी गटाराची सक्तीची जोडणी : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या भागात भुयारी गटाराची वाहिनी टाकून झाली, तेव्हा पालिकेने प्रत्येक घरमालकाला नोटीस बजावली. साठ दिवसांत सेप्टिक टँक बंद करून घरातले मैलापाणी आणि सांडपाणी रस्त्यातल्या वाहिनीला जोडून घ्यावे, अन्यथा दंड होईल आणि प्रसंगी नळजोडही तोडला जाईल, असे तीत लिहिले होते. मी मागच्या वर्षी मे महिन्यात जोडणी घेतली. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला आणि दुसरा निम्मा उलटला आहे, म्हणून आता या सेवेबद्दल लिहिण्याइतका अनुभव गाठीशी जमला आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. ही सक्ती योग्य आहे आणि ती यापूर्वीच व्हायला हवी होती. पण रस्त्याखाली पाइप टाकले म्हणजे सेवा दिली, असे पालिकेने धरून चालू नये. घराच्या मागच्या भिंतीपासून, घराचा पाइप जिथे मुख्य वाहिनीला जोडला जातो त्या रस्त्याकडेच्या चेंबरपर्यंतचे जे साठ फूट असतात, त्यांतच ही योजना तरते किंवा फसते, आणि नेमक्या त्या साठ फुटांची जबाबदारी कोणी घेत नाही.

आमचे घर १९९६ मध्ये बांधलेले आहे. तीन गुंठ्यांचा प्लॉट, चाळीस फूट रुंद आणि ऐंशी फूट खोल. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे संडास घराच्या मागच्या बाजूला, त्यालगत सेप्टिक टँक आणि टँकच्या पुढे, त्यातले पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा. न्हाणीघराचे आणि मोरीचे पाणी मात्र उघड्या गटारात. अनेकांची अशी समजूत असते की टँकमध्ये सगळे कुजून पाणी शुद्ध होऊन बाहेर पडते. प्रत्यक्षात जड गाळ तळाशी बसतो, हवेशिवाय जगणारे जंतू त्याचा काही भाग कुजवतात आणि वर राहिलेले गढूळ पाणी रोगजंतूंसह शोषखड्ड्यात जाते. ते पुढे गाळण्याचे काम मातीने करायचे असते. आमच्याकडे वर तीनचार फूट काळी माती आहे, जी पाणी लवकर पीत नाही. तिच्याखाली मुरूम आणि मग भेगाळलेला काळा पाषाण आहे, ज्याच्या भेगांतून पाणी न गाळताच पुढे निघून जाते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानकात सांगितले आहे. चाळीस फूट रुंदीच्या, म्हणजे जेमतेम १२ मीटरच्या प्लॉटांच्या ओळीत हे अंतर पाळणार कसे? आमचा शोषखड्डा आणि शेजाऱ्यांची बोअर यांच्यात एक कुंपणाची भिंत आणि चार पावले एवढेच अंतर होते. ज्यांना ही सक्ती म्हणजे स्वतःच्या आवारातल्या गोष्टीत पालिकेची ढवळाढवळ वाटते, त्यांनी एवढा एक हिशेब करून पाहावा. टाकी आपल्या आवारात असली, तरी तिच्यातून झिरपणारे पाणी आपल्या आवारात थांबत नाही.

कायद्याच्या बाजूनेही यात नवे काही नाही. सार्वजनिक गटार जवळून जात असेल, तर घराचा निचरा त्याला जोडायला लावण्याचा अधिकार १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने आयुक्तांना दिलेला आहे, आणि गोव्यात तर मलनिःसारण व्यवस्थेसाठी २००८ साली स्वतंत्र कायदाच झाला. अधिकार होता, वाहिन्या नव्हत्या. २०१५ मध्ये शहरांतल्या पाणीपुरवठा आणि मलनिःसारणासाठीचे केंद्राचे अमृत अभियान सुरू झाल्यापासून आणि २०२१ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आल्यापासून भुयारी गटारांसाठी निधी येऊ लागला, आणि आता आमच्यासारख्या वसाहतींपर्यंत हे काम पोहोचले आहे.

आता प्रत्यक्ष जोडणीविषयी. अर्ज, घरपट्टीची पावती, नकाशाची प्रत आणि साडेपाच हजार रुपयांचे शुल्क भरून दहाव्या दिवशी परवानगी मिळाली. इथवर काहीही तक्रार नाही. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी नीट बोलून, कुठला कागद कमी आहे ते पहिल्याच खेपेला सांगितले. अडचण खोदाई सुरू झाल्यावर कळली. मैलापाणी चार इंची पाइपमधून आपोआप वाहून जाण्यासाठी साधारण साठ फुटांना एक फूट ढाळ लागतो. आमच्या संडासाचा पाइप मागे जमिनीखाली दीड फुटावर निघतो, म्हणजे पुढच्या फाटकाशी तो अडीच फूट खोल जाणार. त्यात गेल्या अनेक वर्षांत जुन्या थरावर नवा थर टाकत डांबरीकरण झाल्यामुळे रस्ता आमच्या अंगणापेक्षा फूटभर उंच झालेला आहे. त्यामुळे रस्त्याच्या पातळीपासून मोजले, तर चेंबरचा तळ साडेतीन फुटांच्या खालीच हवा होता. ठेकेदाराने आमच्या फाटकासमोर बांधून ठेवलेल्या चेंबरचा तळ होता सव्वादोन फुटांवर.

आमच्या गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची लेव्हल घेतली आणि म्हणाला, "ताई, चेंबर वर बसलंय. पाणी चढून जाणार नाही." गल्लीतल्या सगळ्या घरांसमोर चेंबरे एकाच खोलीची बांधली होती, कोणत्या घराचा पाइप किती खोल निघतो, हे एकाही घरात विचारलेले नव्हते. विशेष म्हणजे रस्त्यातली मुख्य वाहिनी सात फूट खोल आहे, त्यामुळे चेंबर खाली घ्यायला कोणतीही तांत्रिक अडचण नव्हती. तरीही ते दुरुस्त होण्यास सात आठवडे लागले. ठेकेदाराचे म्हणणे, काम पूर्ण होऊन बिल निघाले आहे. कार्यालयाचे म्हणणे, आतली लेव्हल ही घरमालकाची बाब आहे. या काळात आमच्या अंगणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चर उघडा होता आणि घरात ८२ वर्षांच्या माझ्या सासूबाई होत्या. शेवटी एक कनिष्ठ अभियंता स्वतः येऊन उभे राहिले, त्यांनी तीच नळी धरून माप घेतले आणि चौथ्या दिवशी चेंबर साडेचार फुटांपर्यंत खाली गेले. तो माणूस आधीच, चेंबर बांधण्यापूर्वी, आला असता तर आमचे सात आठवडे आणि पालिकेचे चेंबर दोन्ही वाचले असते.

खर्च एकूण ४१ हजारांच्या घरात गेला. त्यात शुल्क, पाइप, तीन चेंबरे, मोरीपाशी बसवलेला गली ट्रॅप (कचरा अडवणारी जाळी आणि वास रोखणारे पाणी असलेला सापळा), मजुरी आणि जुन्या टाकीचा उपसा व भरणी हे सगळे आले. फरशी उखडून पुन्हा बसवण्याचा खर्च वेगळा. आम्हाला तो झेपला. पण आमच्याच ओळीत पेन्शनवर राहणाऱ्या एक आजी आहेत, ज्यांच्यासाठी ही रक्कम दोन महिन्यांच्या औषधपाण्यासह घरखर्चाहून जास्त आहे. ज्या कामाची सक्ती आहे, त्या कामाचे पैसे घरपट्टीच्या बिलातून हप्त्याने घेण्याची सोय असायलाच हवी, आणि ती नसणे हा या सेवेतला सर्वांत मोठा अन्याय आहे, असे मला वाटते.

जोडणी घेणाऱ्यांनी दोन बाबतींत अजिबात तडजोड करू नये. पहिली जुन्या टाकीबाबतची. टाकी तशीच ठेवून तिचे वरचे पाणी तेवढे वाहिनीला जोडण्याचा सल्ला आम्हाला दोन प्लंबरांनी दिला, कारण त्यात खोदाई कमी होते. तसे केले तर टाकी भरतच राहते, ती उपसावी लागतेच आणि शिवाय टाकीत कुजलेले, विषारी वायूंनी भरलेले पाणी वाहिनीत जाते. पाइप टाकीला वळसा घालून थेट न्यावा. टाकी पूर्ण उपसून, तळाला भोके पाडून, विटांचे तुकडे, दगड आणि मुरूम दाबून भरून टाकावी. उपसा मैला खेचून घेणाऱ्या गाडीनेच करून घ्यावा. त्यासाठी १४४२० हा मदत क्रमांक देशभर आहे.

हे मी आग्रहाने लिहिते, कारण माझ्या दृष्टीने या सक्तीमागचे सर्वांत मोठे कारण टाकीत उतरणारा माणूस हे आहे. सेप्टिक टँकमधला हायड्रोजन सल्फाइड वायू प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे आत उतरलेल्याला धोका कळतच नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय कोणालाही टाकीत किंवा गटारात उतरवणे हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागली, याचाच अर्थ माणसे उतरत राहिली. आमच्या टाकीत २००४ साली एक माणूस बादली आणि दोर घेऊन उतरला होता. आम्हीच त्याला बोलावले होते, चहाही दिला होता, आणि त्यात काही गैर आहे हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नव्हते. तो सुखरूप वर आला, हे त्याचे आणि आमचे नशीब.

दुसरी बाब पावसाच्या पाण्याची. गच्चीवरून येणारा पाइप याच चेंबरला सोडून देऊ, असे आमच्याही गवंड्याने सहज सुचवले होते. ही वाहिनी फक्त मैलापाणी आणि सांडपाणी यांच्यासाठी असते. नियोजनात माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातले सुमारे ८० टक्के गटारात परत येणार, असे धरतात; म्हणजे आमच्या चार माणसांच्या घरातून दिवसाला साधारण ४३० लिटर. आमच्या बाराशे चौरस फुटांच्या गच्चीवर एका तासात एक इंच पाऊस पडला, तर पावणेतीन हजार लिटरांहून अधिक पाणी जमते. एका घराने सहा दिवसांत सोडायचे पाणी एका तासात सोडले, तर वाहिनी ते कोठे नेणार? मागच्या जुलैत कोपऱ्यावरचे मॅनहोल दोनदा उफाळले, ते यामुळेच. तपासणीत त्या गल्लीतल्या पाच घरांनी गच्चीचे पाइप वाहिनीत सोडलेले आढळले. त्यानंतर आम्ही शेवटच्या चेंबरमध्ये पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसवून घेतली. सखल भागातल्या घरांनी ती सुरुवातीलाच बसवावी.

रोजच्या वापराबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. चौदा महिन्यांत एकदाही तुंबले नाही. मागच्या अंगणातला वास गेला, उघडे गटार कोरडे पडल्यापासून डास जाणवण्याइतके कमी झाले. गली ट्रॅपची जाळी दर पंधरवड्याला साफ करावी लागते आणि तेलकट भांडी आधी कागदाने पुसून घ्यावी लागतात, एवढीच नवी सवय. हवा जाण्याचा उभा पाइप गच्चीच्या वर न्यायला मात्र विसरू नये. आमचा पहिल्यांदा दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखालीच संपला होता आणि आठवडाभर खोलीत झोपता आले नाही.

तर, ज्यांच्या दारात वाहिनी आली आहे आणि ज्यांच्या घराची लेव्हल बसते, त्यांनी नोटिशीची वाट न पाहता जोडणी घ्यावी. पैसे भरण्याआधी गवंड्याला नळी लावून संडासाच्या पाइपपासून चेंबरच्या तळापर्यंत माप घ्यायला सांगावे, ते कागदावर लिहून अर्जाला जोडावे आणि त्याची पोच घ्यावी.

आमच्या गल्लीच्या टोकाची दोन घरे मात्र मुख्य वाहिनीच्याही खाली, ओढ्याच्या काठाला आहेत. त्यांचे पाणी उताराने कधीच वर येणार नाही. तिथे सामायिक हौद आणि पंप लागेल, आणि तो त्यांनी स्वतः बसवायचा की पालिकेने, याचे उत्तर तीन लेखी अर्जांनंतरही मिळालेले नाही. त्यांना दिलेली नोटीस मात्र अजून मागे घेतलेली नाही आणि या महिन्याच्या बिलात दंडाची रक्कम छापून आली आहे.