आजीची आठ वाजताची मालिका, जर्मनीतलं घर आणि व्हीपीएनचे नऊ महिने

मार्चमध्ये व्हीपीएनचं, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून फिरवून आपण तिथेच आहोत असं दाखवणाऱ्या सेवेचं, दोन वर्षांचं सबस्क्रिप्शन घेतलं, आता डिसेंबर उजाडलाय. घेताना मी मराठीत असा अनुभव खूप शोधला. सापडलं ते सगळं 'सर्वोत्तम दहा व्हीपीएन' छापाचं, म्हणजे विकणाऱ्यांनीच लिहिलेलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. व्हीपीएन कंपनीचं आणि मालिकांच्या ॲपचं नाव देत नाही, कारण जे घडलं ते दुसऱ्या कंपन्यांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने असंच घडतं.

आम्ही स्टुटगार्टला राहतो. सासूबाई एप्रिलमध्ये मिरजेहून आल्या, शेंगेन व्हिसाचे ९० दिवस राहायला. येताना लोणचं, मेतकूट आणि फोनमध्ये मालिकांचं ॲप. वर्षाचे पैसे त्यांनी स्वतः भरले होते. पहिल्याच संध्याकाळी ॲप उघडलं तर 'हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.' त्यांनी मला विचारलं, "अगं, पैसे तर भरलेत ना मी? मग माझ्याच फोनवर का नाही?" व्हीपीएन घेतलं होतं ते याच दिवसासाठी.

पहिला महिना खरंच छान गेला. लॅपटॉपवर व्हीपीएन सुरू करायचं, यादीतून 'मुंबई' निवडायचं, एचडीएमआय केबल टीव्हीला जोडायची. भारतात रात्री आठ वाजता लागणारी मालिका इथे उन्हाळ्यात दुपारी साडेचारला सुरू होते. माझी आठ वर्षांची मुलगी शाळेतून आली की दूध-बिस्किटं घेऊन आजीशेजारी बसायची. ती मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची. तीन आठवड्यांत 'आजी, ही काकू खोटं बोलतेय' असं अख्खं वाक्य मराठीत आलं. मला या सगळ्याचं एवढं का पडलंय, ते इथे कळेल.

मेच्या मध्यावर पहिल्यांदा काळा पडदा आला: तुम्ही व्हीपीएन किंवा प्रॉक्सी वापरताय असं दिसतं, ते बंद करून पुन्हा प्रयत्न करा. मी सर्व्हर बदलला, चाललं. चार दिवसांनी तोही अडला. मदतकक्षाच्या चॅटवर दर वेळी तीच उत्तरं: कॅशे साफ करा, ब्राउझरची खासगी खिडकी वापरा, अमुक क्रमांकाचा सर्व्हर घ्या. नवा सर्व्हर दोन-तीन दिवस चालायचा, फार तर आठवडा. साडेचारला मालिका आणि मी सव्वाचारपासून सर्व्हर बदलत बसलेली, असं जूनभर चाललं. ऑफिसची कॉल मध्येच सोडून उठायची वेळही दोनदा आली.

हे का होतं, ते तेव्हा नीट वाचून समजून घेतलं. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपल्या जोडणीला मिळणारा क्रमांक, कोणत्या देशाचा आणि कोणाच्या मालकीचा, याच्या मोठ्या याद्या व्यापारी तत्त्वावर विकत मिळतात. व्हीपीएनचे पत्ते बहुतेक डेटा सेंटरच्या नावावर असतात, घरगुती इंटरनेट कंपनीच्या नाही. एकाच पत्त्यावरून एकाच संध्याकाळी शेकडो खाती मालिका पाहायला लागली की ते कुटुंब नाही हे सांगायला कोणी हुशार लागत नाही. बाकीच्या खुणा आपणच सोडतो. पत्ता मुंबईचा, पण डीएनएसची चौकशी, म्हणजे साइटचं नाव देऊन तिचा पत्ता विचारणं, जर्मन कंपनीकडे जाते. आयपीव्ही४ (पत्त्यांची जुनी पद्धत) व्हीपीएनमधून जातं आणि आयपीव्ही६ (नवी पद्धत) बाजूने उघडंच राहतं. फोनवर तर जीपीएस, सिमचा देश आणि ॲप स्टोअरचा देश हेही दिसू शकतं. आमच्याकडे फोनपेक्षा लॅपटॉपवर जास्त दिवस चाललं ते बहुधा त्यामुळेच. आयपीव्ही६ बंद केल्यावर थोडा फरक पडला, तोही तात्पुरता.

भारतीय सर्व्हरची आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी कोणी सांगत नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने, म्हणजे भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते वगैरे माहिती पाच वर्षं जपून ठेवायची. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. तेव्हापासून अनेक कंपन्यांच्या यादीतलं 'भारत' हे आभासी असतं, पत्ता भारतीय पण यंत्र सिंगापूर, लंडन असं कुठेतरी. मी घेतलेल्या कंपनीचं 'मुंबई' सिंगापूरमध्ये निघालं. मालिकेला तेवढा उशीर जाणवत नाही. क्रिकेटचा सामना मात्र पाहवत नाही, शेजारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विकेट आधी पडते. खासगीपणाच्या दृष्टीने त्यांनी सर्व्हर हलवले हे मला पटतं. पण ग्राहकाला ते खरेदीच्या पानावरच ठळकपणे दिसायला हवं.

मधल्या काळात स्मार्ट डीएनएस वापरून पाहिलं. त्यात सगळी वाहतूक वळत नाही, फक्त 'तू कुठे आहेस' या चौकशीपुरती वळते. वेग चांगला मिळतो आणि थेट टीव्हीत सेटिंग करता येतं, केबल लागत नाही. आमच्याकडे अकरा दिवस चाललं.

फुकटच्या व्हीपीएनचं एकदाच सांगते. २०१५ मध्ये होला नावाच्या लोकप्रिय फुकट सेवेबद्दल उघड झालं होतं की ती आपल्या वापरकर्त्यांचीच इंटरनेट जोडणी दुसऱ्या ग्राहकांना विकत होती. म्हणजे तुमच्या घरच्या पत्त्यावरून तिसराच माणूस काय करतोय ते तुम्हाला कळणार नाही. आणि जर्मनीत राहणाऱ्यांनी टॉरेंटवरून चोरून डाउनलोड करण्याकडे वळूच नये. इथे वकिलाची नोटीस आणि शेकडो युरोंची मागणी घरच्या पत्त्यावर येते, ती 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणून मागे घेतली जात नाही.

जूनच्या शेवटी मी वेगळा विचार केला. इथूनच, स्वतःच्या नावाने, सरळ मार्गाने पैसे भरावेत. भारतीय ॲपला भारतीय मोबाइल नंबर हवा, ओटीपी त्यावरच, पैसे यूपीआयने. जानेवारी २०२३ मध्ये परदेशी नंबरवरून अनिवासी भारतीयांना यूपीआय वापरायची परवानगी मिळाली तेव्हा यादीत दहा देश होते: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग आणि आखातातले चार. जर्मनी त्यात नव्हता. त्याच ॲपच्या परदेशी आवृत्तीत वर्गणी भरली, तर आईंची मालिका तिच्यात नव्हतीच. चालू भाग नाहीत, जुने सिनेमे आहेत. महिनाभराने ती वर्गणी बंद केली.

मी अडवणाऱ्यांची बाजूही समजून घेतली आहे. सिनेमाचे आणि मालिकेचे हक्क प्रदेशवार विकले जातात. भारताचे एकाला, अमेरिकेचे दुसऱ्याला, विमानातल्या पडद्यांचे तिसऱ्याला. ज्याने एका देशासाठी पैसे मोजले त्याला तिथे दुसऱ्याने शिरू नये असं वाटणारच, आणि निर्मात्याचा खर्च त्यातूनच निघतो. नेटफ्लिक्सने ६ जानेवारी २०१६ रोजी भारतासह १३० देशांत सेवा सुरू केली आणि आठवडाभरात, १४ तारखेला, प्रॉक्सी वापरणाऱ्यांना अडवणार असं जाहीर केलं. हक्क देशागणिक वेगळे असताना त्यांना दुसरा मार्ग नव्हता हे मला मान्य आहे.

पण मराठी मालिकेचे जर्मनीचे हक्क कोणी घेतलेत? मी शोधलं, मला इथे ती विकणारं कोणीही सापडलं नाही. मग या कुलुपाने कोणाचा धंदा राखला जातो? इथे विकणाराच नाही, त्यामुळे आईंना अडवल्याने निर्मात्याला एक पैसाही जास्त मिळत नाही. उलट पैसे भरणारा माणूस हातातून जातो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये जिथे हक्क खरोखर विकले गेलेत तिथे अडवणं मला समजतं. जिथे दुकानच नाही तिथे दाराला कुलूप लावून ठेवण्याचा अर्थ मला नऊ महिन्यांत कोणी सांगू शकलं नाही. ॲपच्या ग्राहकसेवेला मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा 'आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही' हेच उत्तर आलं, फक्त खाली सही करणाऱ्याचं नाव वेगळं.

आणि हे सुटू शकतं. जूनमध्ये आम्ही आईंना चार दिवस पॅरिसला नेलं. माझी जर्मन स्ट्रीमिंग वर्गणी तिथे जशीच्या तशी चालली, व्हीपीएन न लावता. कारण युरोपीय महासंघाचा २०१७/११२८ क्रमांकाचा नियम. १ एप्रिल २०१८ पासून, सशुल्क सेवा घेणारा ग्राहक महासंघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरता गेला तर त्याला घरच्यासारखीच सेवा द्यावी लागते, जादा पैसे न घेता. हक्क देशवारच राहतात. नियम एवढाच म्हणतो की प्रवासातला ग्राहक कायद्याच्या दृष्टीने आपल्या घरीच आहे असं धरायचं. ब्रिटन बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या लोकांची ही सोय गेली, लंडनची माझी मावसबहीण सुट्टीत आमच्याकडे आली की तिचं ॲप अडतं. म्हणजे अडचण तंत्राची नाही, नियम असला की चालतं. आईंच्या बाबतीत तर सगळंच स्पष्ट होतं: खातं भारतातलं, पैसे भारतातून, परतीचं तिकीट काढलेलं. मिरजेची बाई तीन महिने मुलाकडे गेली म्हणून मिरजेची राहत नाही का? वर्षातून ९० दिवस परदेशात पाहता येईल अशी सोय कोणी दिली तर मी त्याचे वेगळे पैसेही आनंदाने भरेन.

जुलैमध्ये आई परत गेल्या. जाताना नात रडली आणि त्यातून ठरलं की दोघी रोज तोच भाग पाहतील, आजी मिरजेत, नात इथे, आणि मग फोनवर बोलतील. म्हणून ऑगस्टमध्ये शेवटचा उपाय केला. माझे धाकटे दीर मिरजेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतात. भाऊजींनी घरच्या राउटरला एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) जोडला आणि त्यावर टेलस्केल (आपल्याच उपकरणांना एकमेकांशी खासगीपणे जोडणारं ॲप) घातलं. आमच्या अँड्रॉइड टीव्हीवरही टेलस्केल आहे. ते सुरू केलं की आमच्या टीव्हीची वाहतूक मिरजेच्या घरातून बाहेर पडते, पत्ता घरगुती आणि एकाच कुटुंबाचा. भारतात घरगुती जोडणीला बहुधा स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळत नाही, अनेक घरं एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे साधं वायरगार्ड (स्वतःचं व्हीपीएन उभारायचं सॉफ्टवेअर) बाहेरून जोडता येईना. टेलस्केलने ती अडचण सुटली. इथे मिरजेचा डाउनलोड नाही, अपलोड वेग महत्त्वाचा, कारण चित्र तिथून आमच्याकडे वर चढून येतं. पाच-सहा एमबीपीएस मिळाले की एचडी नीट दिसतं. ऑगस्टपासून आजपर्यंत प्रॉक्सीचा काळा पडदा एकदाही आलेला नाही. एवढं स्वच्छ सांगते की हेही ॲपच्या अटींत बसत नाही. ठिकाण लपवून पाहू नये असं त्यात लिहिलेलं आहे आणि खातं बंद करायचा हक्क कंपनीने राखून ठेवलाय. आमचं बंद झालं नाही, पण ज्यांना तो धोका नको त्यांनी करू नये.

याची उणीव म्हणजे मिरजेत लाईट गेली की इथला टीव्ही थांबतो. सप्टेंबरात वादळी पावसाने दोन दिवस जोडणी नव्हती. तेव्हा आजीने नातीला भाग तोंडी सांगितला, म्हणजे स्वतः शेजारच्या वहिनींच्या फोनवर पाहून, मग हिला. मुलीने तो मला पुन्हा मराठीतच सांगितला.

ज्यांचे आई-वडील महिना-दोन महिन्यांसाठी येणार आहेत त्यांनी निघण्याआधी टॅबलेटवर भाग डाउनलोड करून आणायला सांगावं. आमच्या ॲपमध्ये डाउनलोड सात दिवस टिकतात आणि विमान उतरल्यावरही चालले, पहिला आठवडा तरी निभावतो. भारतीय सिम चालू ठेवायला सांगा, रोमिंगवर एसएमएस येईल एवढं रिचार्ज पुरे, नाहीतर मध्येच लॉगआउट झालं की ओटीपी कुठे येणार हा प्रश्न पडतो. आमच्यावर तो पडला होता, रविवारी, महाएपिसोडच्या दिवशी. आणि व्हीपीएन घ्यायचंच असेल तर एका महिन्याचं घ्या. दोन वर्षांचा दर महिन्याच्या हिशेबात फार कमी दिसतो, पण स्ट्रीमिंगसाठी ते आज चालतं म्हणून पुढच्या महिन्यात चालेल याची हमी कोणीच देत नाही. पैसे परत मिळायची मुदत ३० दिवसांची आणि माझं अडायला लागलं त्याच्या नंतर.

मी व्हीपीएन ठेवलंय, पण ते रेल्वे स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर बँकेचं काम करण्यापुरतं, आणि त्यासाठी ते चांगलं आहे. आपोआप नूतनीकरण बंद केलं. भाऊजींनी मागच्या आठवड्यात रास्पबेरी पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. आता हिवाळ्याच्या वेळेप्रमाणे मालिका साडेतीनला लागते आणि शाळा चारला सुटते, म्हणून आम्ही ती पाचला मागून पाहतो. आजीला ताकीद दिलेली आहे की साडेपाचच्या आत फोन करायचा नाही.